चौथ्या ओळीची शिडी

ओरुरो या खाणींच्या शहरातल्या कबरस्तानात पोराची किंमत त्याच्या शिडीवरून ठरते. तिथे मेलेल्यांना ठेवायला भिंतींमध्ये कोनाडे आहेत, एकावर एक चार ओळी, आणि प्रत्येक कोनाड्याला काचेचं छोटं दार. खालच्या दोन ओळींत निजलेल्यांना नातेवाईक स्वतः फुलं घालतात. तिसऱ्या ओळीसाठी टाचा उंच कराव्या लागतात. चौथ्या ओळीला पोरंच लागतात. पोर शिडी लावतं, चढतं, काच पुसतं, सुकलेली फुलं काढून डब्यात ताजं पाणी ओततं, नवी फुलं लावतं आणि खाली उतरून हात पुढे करतं. ज्याच्याकडे शिडी नाही ते नळावरून पाणी वाहतं. त्याला शिडीवाल्याच्या निम्मंही मिळत नाही, आणि मिळतं तेही गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

बासिलिया कोल्के बारा वर्षांची असताना पाणीवालीच होती.

तिचा बाप सिप्रियानो कथिलाच्या खाणीत टेकू लावायचा. बोगदा पुढे सरकला की त्याच्या छताखाली निलगिरीचे ओंडके उभे करायचे, हे त्याचं काम. कथिलाचा भाव कोसळला, खाण बंद झाली, आणि त्याच वर्षी त्याच्या छातीनंही काम सोडलं. खाणीतली धूळ छातीत बसली की ती बाहेर येत नाही. दारापर्यंत चालत गेला तरी तो चौकटीला धरून उभा राहायचा. आई साबिना बाजारात वाळवलेले बटाटे विकायची. धाकटा सेल्सो आठ वर्षांचा, त्याला खाण्यापलीकडे दुसरा धंदा नव्हता.

"पाणी वाहून काय मिळतंय?" एकदा बापाने विचारलं.

"शिडी असती तर मिळालं असतं, ताता."

"मग शिडी कर."

"मला कुठं येते?"

"मला येते. तुझे हात आहेत ना?"

खाणीच्या आवारात टाकलेले बारीक ओंडके पडून होते. बासिलियाने दोन लांब आणि बरेच आखूड निवडून आणले. बाप खाटेवर बसून सांगायचा, ती करायची. साल काढायची, वाश्यांना खाचा पाडायच्या, खाचेत पायरी ठोकून बसवायची. खिळा एकही मारायचा नाही. निलगिरीला खिळा मारला की ती वाळताना तिथेच चिरते, हे त्याने शेकडो टेकूंवर पाहिलं होतं. पायऱ्या बांधायच्या लामाच्या, म्हणजे तिथल्या उंटासारख्या लोकरी जनावराच्या, कच्च्या चामड्याच्या वादीने. वादी रात्रभर पाण्यात भिजवायची, ओली असताना खाचेभोवती आवळायची, मग सावलीत वाऱ्यावर सोडायची. वाळताना ती आखडते आणि लाकडात रुतते. नीट बांधलेली वादी नीट वाळली, तर ती हलवायला बैल लागतो.

"झाली पक्की," बासिलिया म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय की."

"दिसतंय ते वरवरचं. अंगठा दाब."

तिने दाबला. वादी किंचित सरकली.

"सोड. परत बांध."

"ताता, बोटं सोलली माझी!"

"बोटं परत येतात. बांध."

तिने बांधली. त्याने पुन्हा सोडायला लावली. असं किती वेळा झालं ते दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही. शेवटी त्याने स्वतःचा अंगठा दाबला, मान हलवली आणि लामाची चरबी चोळायला दिली. वर एकच नियम सांगितला. कोरडी वादी लोखंड, ओली वादी शेवई. रोज चढण्याआधी प्रत्येक गाठीवर अंगठा दाबायचा. अंगठा रुतला तर त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. "बिशप रडत आला तरी नाही. पाऊस आला तर आधी शिडी आत, मग तू. आणि तिच्यावर पाण्याचा डबा अडकवायचा नाही."

हा शेवटचा भाग कठीण होता. कबरस्तानातली सगळी पोरं डबे शिडीलाच अडकवायची. शिडी खांद्यावर आणि डबे पायऱ्यांच्या टोकांना. त्यांच्या शिड्या फळ्या-खिळ्यांच्या होत्या, त्यांना पाण्याचं काय! बासिलिया एका हाताने शिडी सावरायची, दुसऱ्या हातात डबा धरायची. हात कोपरापासून भरून यायचा. ती बदलायची, पण अडकवायची नाही.

सगळ्यात मोठी शिडी एलोयची होती. पंधरा वर्षांचा, खांदे रुंद, शिडीला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. पहिल्याच दिवशी त्याने बासिलियाला गाठलं.

"ए चामडेवाली! तुझी शिडी गवत खाते का गं?"

"खाते. पण स्वतः चरून येते. तुझ्यासारखं आईला वाढावं लागत नाही."

पोरं हसली. एलोयही हसला. पण संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं की ती गवत खाणारी शिडी हलकी आहे. गिऱ्हाइकाने हाक मारली की तो आपलं लोखंड उचलेपर्यंत बासिलिया भिंतीपाशी पोहोचलेली असायची.

सेल्सोला तिने मृतांसाठी प्रार्थना म्हणायला बसवलं. काच पुसून झाली की तो कोनाड्याखाली उभा राहायचा आणि डोळे मिटून सुरू करायचा. आवाज गोड होता. पाठांतराचं मात्र खरं नव्हतं.

"अरे, मधला भाग गिळलास की!" एका म्हाताऱ्या बाईने त्याला धरलं.

"भूक लागली होती, आजी."

तिने त्याला पाव दिला आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतली.

असं वर्ष गेलं आणि ऑक्टोबर संपता संपता ला पाझहून ग्रासिएला आली. ती साबिनाची कोमाद्रे, म्हणजे बासिलियाला चर्चमध्ये हातांवर घेऊन उभी राहिलेली धर्ममाता. ला पाझमध्ये तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. तिने येताना साखर आणली, तेल आणलं, आणि जेवण झाल्यावर बोलणं काढलं.

"साबिना, पोरगी मला दे. माझ्याकडं घरकाम करील. दोन वेळचं मांस-भात खाईल. महिन्याला तुला काहीतरी पाठवीन."

"आणि शाळा?"

"संध्याकाळची शाळा असते की तिथं."

बासिलिया भिंतीशी बसून ऐकत होती. त्यांच्या गल्लीतल्या दोन पोरी अशाच गेल्या होत्या. एक सणाला आली तेव्हा तिचे केस कापलेले होते आणि ती स्वतःच्या आईशी पाहुणीसारखं बोलत होती. दुसरी आलीच नाही.

"मी इथं कमावते," बासिलिया म्हणाली.

"किती कमावतेस, बाळे?" ग्रासिएलाने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं.

साबिनाने वाद मिटवला. "परवापासून सण आहे. पिठाची दोन पोती पावानं भरली तर नाताळपर्यंत घरातलं खाणं निघेल. मग ती राहील. नाही भरली तर तुझ्याबरोबर तीन तारखेच्या बसनं जाईल."

खाटेवर बापाला खोकला आला होता.

मृतांचा सण म्हणजे कबरस्तानातल्या पोरांची सुगी. एक नोव्हेंबरच्या दुपारी बाराला आत्मे घरी येतात, दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला परत जातात. प्रत्येक घर त्यांच्यासाठी मेज मांडतं. त्यावर चेहरे लावलेली पावाची बाळं, पावाचे घोडे, वर चढून जायला पावाच्या शिड्या. पाणी न्यायला कांद्याची पोकळ पात. वाटेत टेकायला उसाची काठी. पहिल्या दिवशी काही जण आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं घेऊन सगळेच लोक कबरस्तानात येतात, आणि जो काच पुसतो, जो प्रार्थना म्हणतो, त्याच्या पिशवीत पाव टाकतात. त्या वर्षी नोटेची किंमत सकाळी एक असायची आणि संध्याकाळी दुसरी. पावावर सगळ्यांचा जास्त भरवसा होता.

पहिल्या दिवशी एक पोतं भरलं. सेल्सोचा घसा बसला तरी तो थांबला नाही, कारण प्रत्येक प्रार्थनेमागे तो एक पाव चोरून खात होता. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. नळावर रांग, भिंतींपुढे रांग. साबिना आणि ग्रासिएला पोतं धरून बासिलियाच्या मागेमागे फिरत होत्या.

"बासिलिया, इकडं!"

"पोरी, आमचं राहिलंय! घंटा होईल!"

ती पळत होती. शिडी लाव, चढ, पूस, उतर, उचल. एक डबा, परत नळ, परत डबा. हाताने डबा वाहायचा म्हणजे एका वेळी एकच. एलोय दोन-दोन अडकवून नेत होता आणि तिच्यापुढे निघून जात होता. दुसरं पोतं अर्ध्याच्या जरा खाली होतं. बासिलियाने एकदा पोत्याकडे पाहिलं, मग डबे शिडीच्या वरच्या पायऱ्यांना अडकवले आणि शिडी खांद्यावर घेतली.

काम भराभर होऊ लागलं. डबे हिंदकळत होते. तिची पाठ भिजली, ते तिला थंडगार बरं वाटलं. गाठींवर अंगठा दाबायला आता वेळ नव्हता.

बाराला थोडा वेळ राहिला असताना ओर्तेन्सिया आजी आली. तिचा नवरा चौथ्या ओळीत. बरोबर तिचा पुतण्या होता, चांगला जाडजूड, हातात कागदी फुलांची मोठी माळ घेऊन. आजीच्या हातात ताजी फुलं, काखेत ऊस.

"तुझीच वाट बघत होते. हा लोखंडवाला पोरगा काचेला ओरखडे पाडतो," आजी म्हणाली.

बासिलियाने शिडी लावली आणि चढली. वरच्या पायरीवर पाय टेकला तेव्हा ती पायरी वळली. घसरली नाही, तुटली नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तेवढीच वळली. बासिलिया जागच्या जागी थांबली. एक हात सोडून, वाकून तिने गाठीवर अंगठा ठेवला. अंगठा आत गेला.

ती एक-एक पायरी उतरली.

"काय झालं?"

"आजी, शिडी ओली झालीये. चढता येणार नाही."

"अगं, आत्ताच तर चढलीस!"

"म्हणूनच कळलं."

मागची रांग कुरकुरायला लागली. पुतण्याने माळ सरसावली. "पोरगी घाबरली. सर बाजूला, मी चढतो."

"नको, काका."

"सर म्हणतो ना!"

तेव्हा बासिलियाने शिडी भिंतीपासून ओढली, जमिनीवर आडवी टाकली आणि वर बसली. पुतण्या बघतच राहिला. ग्रासिएला साबिनाच्या कानाशी लागली. साबिनाचा चेहरा लाल झाला.

"ऊठ! बासिलिया, लोक हसतायत! पोतं बघ किती राहिलंय!"

"दिसतंय मला पोतं."

"मग ऊठ की!"

ती उठली नाही. ते पोतं भरलं नाही तर उद्या बसमध्ये कुणाला बसायचं, हे तिथे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती उठली नाही.

पलीकडच्या भिंतीवरून एलोयने आवाज दिला, "काय गं, पोटभर पाणी प्यायली का तुझी शिडी?"

"प्यायली. तुझी दे ना जरा, एकाच माळेसाठी."

"दिली असती. पण बघ माझ्यामागं किती उभेत. घंटेनंतर ये."

त्याचंही खरं होतं. पण घंटेनंतर आजीचा नवरा तिथे असणार नव्हता.

ओर्तेन्सिया आजी चौथ्या ओळीकडे बघत उभी होती आणि काखेतला ऊस घसरत होता. बासिलियाची नजर त्या उसावर गेली. ती उठली, खालच्या पायऱ्यांच्या गाठी एक-एक करून दाबल्या. डबे वर अडकवले होते, पाणी वरच सांडलं होतं. खालच्या तीन पायऱ्या हाडासारख्या कोरड्या होत्या. तिने शिडी पुन्हा लावली.

"आजी, ऊस द्या."

"अगं, ती त्याची काठी आहे! वाटेत टेकायला!"

"माळ पण त्यांचीच ना? लावून झाली की काठी घेऊन जातील."

आजीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि फिसकन हसली. "जन्मभर कुणाला हात लावू दिला नाही त्यानं आपल्या काठीला. घे! आज काय बोलतोय बघू."

तिसऱ्या पायरीवर उभं राहून बासिलियाने उसाच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि हात ताणून काच पुसली. मग टोकावर माळ घेतली आणि वरच्या हुकाशी नेली. ऊस लवचीक होता, माळ डोलत होती. एकदा हुकली. दुसऱ्यांदा हुकली. खाली पुतण्या, त्याला आता स्वतःच्या आवाजाची लाज वाटत असावी, हळूच म्हणाला, "डावीकडं. जरा डावीकडं, बाळ." माळ अडकली. तेवढ्यात घंटा झाली.

"फुलं राहिली, आजी. उद्या शिडी वाळली की लावते."

"उद्या तो कुठला इथं? असू दे. माळ बघून गेला." आजीने पिशवीतून पावाची शिडी काढली, चांगली हातभर लांब, आणि बासिलियाच्या हातात दिली. "ही त्याची होती. तुझ्या हाताकडं बघून गेला असेल तर त्याला हिची गरज नाही."

रांगेतले बहुतेक लोक तोवर एलोयकडे गेले होते. दुसरं पोतं अर्ध्याच्या थोडं वर येऊन थांबलं.

घरी ग्रासिएला गाठोडं बांधत होती. साबिनाने पोतं कोपऱ्यात टेकवलं तर ते मध्येच वाकलं. बापाने ते पाहिलं, मग म्हणाला, "शिडी आण."

बासिलियाने ती खाटेला टेकवली. त्याने खालून वर एक-एक गाठ दाबली.

"ओली आहे."

"हो."

"कशानं?"

"मी डबे अडकवले."

"सांगितलं होतं ना?"

"हो, ताता."

"कोण चढलं?"

"मी. वरची पायरी वळली, मग उतरले. मग कुणालाच चढू दिलं नाही."

"चढू दिलं नाही?" साबिना आता फुटली. "वर बसून राहिली! अंड्यावर कोंबडी बसावी तशी! अख्खी रांग समोरून गेली!"

सिप्रियानो बराच वेळ खोकला. मग खाटेच्या कडेला आला. "खाणीत टेकू कुरकुरला की मी माणसं बाहेर काढायचो. वरचा साहेब ओरडायचा, टनाचा हिशेब सांगायचा. मोठे मोठे गडी त्याच्या ओरडण्याला भिऊन परत आत गेलेले मी पाहिलेत. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं." त्याने श्वास घेतला. "बासिलिया कुठंही जाणार नाही."

"आणि खायचं काय?" साबिनाने विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता.

"पाव जपून खाऊ. खाणीच्या आवारात लाकूड अजून पडलंय. पाणी वाहणाऱ्या पोरांना शिड्या पाहिजेत. करून भाड्यानं देऊ."

"कोम्पाद्रे," ग्रासिएला सिप्रियानोला म्हणाली, "तुमचा श्वास दारापर्यंत पुरत नाही. शिड्या करणार कोण?"

"हात तिचे. खोकला माझा."

ग्रासिएलाला हसू आवरेना. तिने गाठोड्याची गाठ पक्की केली, मग टेबलावरच्या पावाच्या शिडीची एक पायरी मोडून तोंडात टाकली. "ही पण कच्चीच बांधलीय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसमध्ये बसली.

बोलणं सोपं, करणं मोडून काढणारं होतं. बासिलिया सकाळी शाळेत जायची, दुपारी कबरस्तानात आणि अंधार पडेपर्यंत साल काढायची. तिथला पावसाळा नाताळाच्या दिवसांत येतो; त्या पावसाळ्यात घरात रोज पोटभर नव्हतंच. पण नाताळपर्यंत पाणीवाल्या तीन पोरांकडे चामड्याच्या शिड्या आल्या, आणि त्यांच्या भाड्यातून साबिनाच्या हाताला दर रविवारी काहीतरी लागू लागलं. पुढच्या सणाआधी एलोय दारात उभा राहिला. लोखंडाने त्याचा खांदा गेला होता.

"मला पण एक दे गवत खाणारी."

"आधी बांधायला शीक."

बापाने तिला जितक्या वेळा गाठ सोडायला लावली होती, तितक्याच वेळा तिने त्याला सोडायला लावली.

सिप्रियानो आणखी दोन पावसाळे जगला. चौथ्या ओळीचा कोनाडा स्वस्त पडतो, म्हणून तो तिथेच आहे. सेल्सो शिकला, आता शाळेत शिकवतो. प्रार्थना अजूनही मधली गिळतो. बासिलिया शिड्याच करत राहिली. ती आता पन्नाशीच्या पुढे आहे, अंगठा सपाट झालाय, आणि कबरस्तानाच्या फाटकापाशी तिचं पत्र्याचं छप्पर आहे. तिथे सणाला पोरं रांगेने शिड्या घ्यायला येतात. इतक्या वर्षांत तिच्या शिडीवरून एकही पोर पडलेलं नाही. ही गोष्ट ती स्वतः सांगत नाही. शिड्या वाहणारी पोरं सांगतात.

गेल्या सणाला बाराच्या थोडं आधी एक पोरगी धावत आली, खांद्यावर शिडी, शिडीला दोन डबे अडकवलेले, पाणी ठिबकतंय. तिला दुसरी शिडी हवी होती, लांब. बासिलियाने तिला थांबवलं, डबे उतरवले आणि वरच्या गाठीवर अंगठा ठेवला.

"हिच्यावर आज चढायचं नाही. आणि दुसरी शिल्लक नाही."

"पण बासिलिया आजी, गिऱ्हाईक उभंय! घंटा होईल! आई मारील मला!"

"तुझ्या आईशी मी बोलते." बासिलिया वाकून खालच्या गाठी दाबू लागली. "तू जा, त्यांच्याकडून ऊस मागून आण."